रविवारचे रेसकार्ड कसे वाचावे : महालक्ष्मी आणि पुण्याच्या शर्यतींसाठी नवख्यांचे मार्गदर्शन

रेसकोर्सवर पहिल्यांदा जाणारा माणूस साधारणपणे दोन गोष्टी करतो. तो घोड्याचे नाव आवडले म्हणून पैसे लावतो, किंवा शेजारी उभ्या असलेल्या जाणकार दिसणाऱ्या गृहस्थांना विचारून लावतो. दोन्ही प्रकारांत संध्याकाळी खिसा हलका होतो आणि शर्यतींविषयीचे ज्ञान मात्र होते तेवढेच राहते. रेसकार्ड, म्हणजे त्या दिवसाच्या शर्यती आणि त्यांत धावणाऱ्या घोड्यांची छापील माहिती, हा वाचता येण्याजोगा दस्तऐवज आहे, तो आदल्या रात्री घरी बसून वाचायचा असतो आणि आपले मत बाजारातले भाव उघडण्यापूर्वी कागदावर उतरवायचे असते, एवढी गोष्ट लक्षात आली की उरलेले टप्प्याटप्प्याने शिकता येते. हा लेख मुंबईचे महालक्ष्मी रेसकोर्स आणि पुण्याचे रेसकोर्स डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. दोन्ही ठिकाणच्या शर्यती रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब भरवतो. हिवाळा व वसंत मुंबईत आणि पावसाळा पुण्यात, असा त्याचा हंगाम विभागलेला असतो.

हाताशी काय हवे

- त्या दिवसाचे अंतिम रेसकार्ड किंवा रेसबुक. सुरुवातीची प्रवेशिकांची यादी नको. जॉकी आणि ड्रॉ (सुरुवातीच्या गेटमधली जागा) जाहीर झाल्यानंतरचे कार्ड हवे.
- प्रत्येक घोड्याच्या मागील किमान तीन धावांचे निकाल : अंतर, वजन, वेळ आणि किती लांबीने (एक लांबी म्हणजे घोड्याच्या अंगाची लांबी) हरला किंवा जिंकला.
- सकाळच्या सरावाची नोंद, म्हणजे ज्याला सगळे ‘ट्रॅकवर्क’ म्हणतात ती.
- स्टुअर्ड्सचा अहवाल. शर्यतींवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांचा हा अहवाल क्लबच्या संकेतस्थळावर मिळतो, आणि बहुतेक लोक तो उघडतही नाहीत.
- वही, दोन रंगांची पेने आणि शक्य असल्यास दुर्बीण.
- ओळखपत्र व पॅन कार्ड. मोठी रक्कम जिंकल्यास पॅन लागतेच.

१. आधी शर्यत ओळखा, घोडा नंतर

कार्डावर प्रत्येक शर्यतीच्या डोक्यावर तिचे अंतर आणि प्रकार छापलेला असतो. बहुतेक शर्यती हँडिकॅप असतात : प्रत्येक घोड्याला क्लबचा हँडिकॅपर गुण देतो, म्हणजे रेटिंग, आणि त्या रेटिंगनुसार घोड्याला कमी-जास्त वजन वाहावे लागते. चौथ्या वर्गाची शर्यत २० ते ४६ रेटिंगच्या घोड्यांसाठी, तिसऱ्या वर्गाची ४० ते ६६, दुसऱ्या वर्गाची ६० ते ८६, अशी ही उतरंड आहे. रेटिंगचा एक गुण म्हणजे अर्धा किलो वजन. हे एकच सूत्र पाठ असले तरी अर्धे कार्ड उलगडते.

वर्गांच्या सीमा एकमेकींवर चढलेल्या आहेत, हे नवख्याच्या नजरेतून हमखास सुटते. ४२ रेटिंगचा घोडा तिसऱ्या वर्गात धावला तर तो तळाला असतो आणि पाठीवर पन्नास किलोच्या आसपास वजन घेतो. तोच चौथ्या वर्गात धावला तर जवळजवळ सर्वांत वरच्या वजनावर, साठ किलोच्या आसपास असतो. म्हणजे प्रशिक्षकापुढे निवड असते : चांगल्या घोड्यांशी हलके वजन घेऊन झुंजायचे की साध्या घोड्यांशी जड वजन घेऊन. अंगापिंडाने लहान असलेली घोडी साठ किलोखाली दबते. धिप्पाड घोड्याला त्याचे फारसे काही वाटत नाही. अशा सीमेवरच्या घोड्यापुढे मी नेहमी खूण करून ठेवतो, कारण प्रशिक्षकाने कोणती वाट धरली यावरून त्याचा घोड्याविषयीचा अंदाज कळतो.

हँडिकॅपखेरीज ‘टर्म्स’च्या शर्यती असतात, ज्यांत वजन रेटिंगवर न ठरता वय, लिंग आणि पूर्वीच्या विजयांवर ठरते, आणि मेडन घोड्यांच्या शर्यती असतात, म्हणजे ज्यांनी अजून एकही शर्यत जिंकलेली नाही त्यांच्या. क्लासिक शर्यतींत सगळे समान अटींवर धावतात, फक्त नरांच्या तुलनेत माद्यांना दीड किलोची सवलत असते. १९४३ पासून होणारी इंडियन डर्बी ही २४०० मीटरची शर्यत त्यांतली सर्वांत मोठी. भारतात शर्यतीच्या सर्व घोड्यांचा वाढदिवस १ जानेवारीला धरतात. त्यामुळे डिसेंबरात तीन वर्षांचा म्हणून गिनीज ही क्लासिक शर्यत धावलेला घोडा फेब्रुवारीत डर्बीच्या वेळी कागदोपत्री चार वर्षांचा झालेला असतो. पहिल्यांदा कार्ड वाचणाऱ्याला ही छपाईची चूक वाटते. ती तशी नसते.

२. घोड्याची ओळ डावीकडून उजवीकडे वाचा

एका घोड्यामागे कार्डावर बरेच काही कोंबलेले असते : क्रमांक, मागील धावांचे आकडे, नाव, वय, रंग, आई-बाप, मालक, प्रशिक्षक, जॉकी, वजन, ड्रॉ आणि साहित्य. या सगळ्याला सारखे महत्त्व नाही.

मागील धावांचे आकडे हे सर्वांत मोहात पाडणारे आणि सर्वांत फसवे. ‘१’ म्हणजे जिंकला आणि ‘७’ म्हणजे सातवा आला एवढेच ते सांगतात. सातवा आलेला घोडा विजेत्यापासून तीन लांबीच मागे असेल आणि वळणावर त्याची वाट अडली असेल, तर ती धाव वाईट म्हणता येत नाही. उलट चार घोड्यांच्या शर्यतीत दहा लांबीने दुसरा आलेला घोडा त्या ‘२’च्या आकड्यामुळे उगाच भाव खातो. म्हणून आकडा सोडून अंतर पाहावे. निकालांत ते लांबीत देतात, आणि अगदी निकटच्या निकालासाठी नोज, शॉर्ट हेड, हेड, नेक अशी मापे वापरतात. पाच लांबींचा ढोबळ हिशेब एक सेकंद असा धरावा.

ड्रॉ म्हणजे स्टार्टिंग गेटमधली जागा. एक क्रमांक आतल्या रेलिंगलगत असतो. महालक्ष्मीचा आणि पुण्याचा ट्रॅक उजव्या हाताचा आहे. शर्यत सुरू झाल्यावर वळण जितके लवकर येते, तितका बाहेरचा ड्रॉ महाग पडतो, कारण बाहेरच्या घोड्याला एक तर जोर लावून आत यावे लागते किंवा पूर्ण वळण रुंद घ्यावे लागते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत सावरायला वेळ असतो, म्हणून तिथे ड्रॉवरून घोडा बाद करू नये.

साहित्याच्या रकान्यात ब्लिंकर्स (बाजूचे दिसू नये म्हणून डोळ्यांवरची झापडे), शॅडो रोल (नाकावरची जाड पट्टी), टंग स्ट्रॅप (जीभ बांधायची पट्टी) अशा नोंदी असतात. ब्लिंकर्स पहिल्यांदाच चढवले असतील तर तिथे थांबावे. आजूबाजूला बघत धावणारा, शेवटच्या दोनशे मीटरांत ढिला पडणारा घोडा ब्लिंकर्स लावल्यावर एकदम सुधारल्याची उदाहरणे हंगामात दिसतात. तोच बदल तिसऱ्या-चौथ्यांदा करून पाहिला जात असेल, तर प्रशिक्षकाची उमेद संपत आली आहे असे समजायला हरकत नाही.

३. वजनाचा हिशेब कागदावर करा

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो, पण नवख्याला खरा फायदा इथेच मिळतो, कारण गर्दीतले बहुतेक लोक तो करत नाहीत.

समजा, मागील १२०० मीटरच्या शर्यतीत ‘अ’ घोड्याने ‘ब’ घोड्याला दोन लांबींनी हरवले. त्या दिवशी ‘अ’वर ५४ किलो आणि ‘ब’वर ५६ किलो वजन होते. विजयानंतर हँडिकॅपरने ‘अ’चे रेटिंग ६ गुणांनी वाढवले आणि ‘ब’चे एका गुणाने घटवले. आता त्याच अंतरावर, त्याच वर्गात दोघे पुन्हा भेटत आहेत. ‘अ’ ५७ किलो घेतो, ‘ब’ ५५.५. आधी ‘अ’ला दोन किलोंचा लाभ होता, आता तो दीड किलो जास्त वाहतो आहे, म्हणजे दोघांमधला फरक साडेतीन किलोंनी फिरला. कमी अंतराच्या शर्यतीत एका लांबीला सुमारे दीड किलो आणि मैलभराच्या, म्हणजे १६०० मीटरच्या शर्यतीत सुमारे एक किलो असा सर्वमान्य ठोकताळा आहे. त्या मापाने साडेतीन किलो म्हणजे दोन लांबींहून थोडे अधिक. कागदावर ‘ब’ आता किंचित पुढे आहे, आणि तरीही सगळे ‘अ’च्या मागे धावणार, कारण त्याच्या नावापुढे ‘१’ छापलेला आहे.

या हिशेबात दोन दुरुस्त्या कराव्या लागतात. पहिली, ‘अ’ जिंकताना जॉकीने त्याला शेवटी रेटले होते की हातात धरून आणले होते हे पाहावे. आरामात जिंकलेल्या घोड्याजवळ किती शिल्लक होते हे लांबी सांगत नाही. दुसरी, शिकाऊ जॉकीची सवलत. अप्रेंटिस जॉकीला त्याच्या विजयांच्या संख्येनुसार काही किलो कमी घेऊ देतात, त्यामुळे कार्डावरचे वजन आणि प्रत्यक्ष वजन वेगळे असते. तळाच्या वजनावर नामांकित जॉकी क्वचितच दिसतात, कारण अनेकांना शरीराचे वजन तेवढे उतरवताच येत नाही. त्यामुळे हलक्या वजनावर एखादा अव्वल जॉकी मुद्दाम बसला असेल तर ती नोंद घेण्यासारखी असते.

४. सकाळचा सराव वाचायला शिका

ट्रॅकवर्कच्या बातमीत नुसते आकडे आणि एक-दोन शब्द असतात. उदाहरणार्थ, ‘१०००/१-६, ६००/३९, ईझी’ अशी नोंद असेल, तर घोडा वाळूच्या ट्रॅकवर १००० मीटर १ मिनिट ६ सेकंदांत आला, त्यातले शेवटचे ६०० मीटर त्याने ३९ सेकंदांत घेतले आणि त्याला रेटलेले नव्हते. कंसात जॉकीचे नाव असते, किंवा रोजचा रायडिंग बॉय बसला होता असे म्हटलेले असते. शर्यतीच्या दिवशीचाच जॉकी सकाळीही बसला असेल तर तो घोडा त्याने अंगाखाली अनुभवला आहे एवढे नक्की होते.

वेळेपेक्षा शेवटचा शब्द महत्त्वाचा. ‘पुश्ड’ लिहिलेले ६००/३७ हे ‘ईझी’ लिहिलेल्या ६००/३८ पेक्षा कमी प्रतीचे समजावे. दोन घोडे जोडीने धावले आणि बरोबरीने संपले, अशी नोंद असेल तर दुसरा घोडा कोण हे शोधावे. साधा दिसणारा घोडा दोन वर्ग वरच्या जोडीदाराबरोबर खांद्याला खांदा लावून आला असेल, तर तो सरावाच्या पानावरचा सर्वांत मोलाचा तपशील असतो. पदार्पण करणाऱ्या घोड्यांच्या बाबतीत याखेरीज दुसरा आधार नसतो, वंशावळ सोडली तर. गेट प्रॅक्टिसमध्ये घोडा चटकन सुटला की रेंगाळला हेही त्यांच्याबाबत पाहावे, कारण १००० मीटरमध्ये सुरुवातीला गेलेली तीन लांबी परत मिळत नाही.

मात्र सरावात चमकणारे आणि शर्यतीत विरघळणारे घोडे प्रत्येक तबेल्यात असतात. त्यांची नावे वहीच्या शेवटच्या पानावर वेगळी लिहून ठेवावीत. ते पान लवकर भरते.

५. ट्रॅकची अवस्था

क्लब शर्यतीच्या दिवशी पेनेट्रोमीटरचे माप जाहीर करतो. आकडा जितका मोठा, तितकी जमीन मऊ. मुंबईत हिवाळ्यात ट्रॅक बहुधा टणक व वेगवान असतो; पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये आठवडाभर पाऊस लागून राहिला की तोच घोडा, तेच अंतर आणि वेळ मात्र कितीतरी मंद, असे दिसते. म्हणून पुण्याच्या पावसाळी वेळेची मुंबईच्या वेळेशी तुलना करू नये. मऊ जमिनीवर पूर्वी चांगला धावलेला घोडा शोधावा, आणि तसा पुरावा नसेल तर हलक्या चालीच्या, केवळ वेगावर जिंकणाऱ्या घोड्यावर विश्वास ठेवताना हात आखडता घ्यावा.

फॉल्स रेल्सकडेही लक्ष द्यावे. आतल्या भागातले गवत वाचवण्यासाठी रेलिंग काही मीटर बाहेर सरकवतात, आणि त्या दिवशीच्या वेळा व ड्रॉचा परिणाम दोन्ही बदलतात. निकालाच्या वर ही माहिती एका ओळीत दिलेली असते.

६. स्टुअर्ड्सचा अहवाल

घोडा गेटमधून उशिरा सुटला, वळणावर दाबला गेला, खोगीर सरकले, नाल निघाली, नाकातून रक्त आले : या सगळ्याची नोंद या अहवालात असते. पहिल्या चार कारणांनी हरलेला घोडा पुढच्या वेळी दुर्लक्षित आणि म्हणूनच चांगल्या भावाने मिळतो. पाचव्या कारणाचा घोडा सक्तीची विश्रांती घेऊन परततो. त्याची पहिली धाव मी पैसे न लावता पाहतो.

७. जिंकणारा शोधू नका, हरणारे काढा

आता एका शर्यतीतल्या बारा घोड्यांकडे लाल पेन घेऊन बसावे. या अंतराला कधीच न टिकलेले, वजनाच्या हिशेबात मागे पडलेले, मोठ्या विश्रांतीनंतर सरावाविना आलेले आणि वर्ग झेपत नसल्याचे दोनदा सिद्ध झालेले घोडे खोडावेत. साधारणपणे चार-पाच उरतात. त्यांच्यात पुढे धावणारे किती आणि मागून येणारे किती हे मांडावे. पुढे धावणारा एकटाच असेल तर तो स्वतःच्या लयीत चालतो आणि पकडायला अवघड जातो. तिघे असतील तर ते एकमेकांना दमवतात आणि चौथा, मागून येणारा, फळ खातो. गतीचा हा अंदाज छापील कार्डात कुठेच नसतो, तो मागील शर्यतींच्या चित्रफिती पाहूनच येतो.

उरलेल्या प्रत्येक घोड्यापुढे जिंकण्याची शक्यता टक्क्यांत लिहावी. बेरीज शंभर झाली पाहिजे. उरलेल्या सगळ्यांना सारखेच टक्के द्यावेसे वाटले तर ती शर्यत सोडून द्यावी. दिवसाच्या आठ शर्यतींत दोन किंवा तीनच शर्यतींविषयी ठाम मत तयार होणे हे चांगल्या प्रकृतीचे लक्षण आहे.

८. पॅडॉकमध्ये दहा मिनिटे

शर्यतीआधी घोडे पॅडॉकमध्ये फिरवतात. तिथे फक्त आपल्या यादीतले चार-पाच पाहावेत. मागच्या पायाचे पाऊल पुढच्या पायाच्या ठशाच्या पुढे पडते का, कातडीला तुकतुकी आहे का, मान शांत आहे का, हे पाहणे कोणालाही जमते. मागच्या मांड्यांमध्ये पांढरा फेस साचला असेल आणि घोडा सईसाला खेचत असेल तर त्याची बरीच शक्ती तिथेच खर्च होत आहे. पुण्याच्या दमट दुपारी मात्र सगळेच घामेजतात, तेव्हा एकट्याला दोष देऊ नये. कार्डावर नसलेला बदल, म्हणजे ऐन वेळी बदललेला जॉकी किंवा माघार घेतलेला घोडा, इथेच जाहीर होतो. पुढे धावणारा घोडा माघार घेतो तेव्हा सातव्या टप्प्यातला गतीचा अंदाज नव्याने मांडावा लागतो.

९. भाव आणि कर

पैसे लावण्याचे दोन अधिकृत मार्ग आहेत, टोट, म्हणजे सगळ्यांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटणारी खिडकी, आणि रिंगमधले, म्हणजे बुकींच्या ठरलेल्या जागेतले, परवानाधारक बुकी. टोटचा डिव्हिडंड दहा रुपयांवर मोजतात आणि त्यात मूळ रक्कम धरलेली असते : विनला (घोडा पहिला येईल या बेटला) २५ रुपये म्हणजे दहाचे पंचवीस. नवख्याने विन आणि प्लेस (घोडा पहिल्या काही क्रमांकांत येईल ही बेट) यांपुरतेच राहावे. पहिले तीन अचूक क्रमाने सांगायचा टनाला किंवा पाच शर्यतींचे विजेते मागणारा जॅकपॉट यांत मोठी रक्कम दिसते, पण एका चुकीने सगळे जाते.

आता कर. शर्यतींवरील बेटच्या पूर्ण रकमेवर १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे. याचा अर्थ थेट हिशेबात पाहावा. दहाचे पंचवीस देणारा घोडा दर शंभरांत चाळीस वेळा जिंकला तर करापूर्वी तुम्ही बरोबरीत असता. शंभरच्या बेटवर चाळीस रुपये वरून गेले, तर १४० खर्चून २५० मिळतात, आणि बरोबरीसाठी तोच घोडा छप्पन्न वेळा जिंकावा लागतो. त्यामुळे फेव्हरिट (सर्वांत जास्त पसंतीचा, कमी भावाचा घोडा) म्हणून फेव्हरिटच्या मागे जाणे आता पूर्वीपेक्षाही तोट्याचे झाले आहे. जिंकलेली रक्कम दहा हजार रुपयांच्या वर गेली की त्यातून तीस टक्के टीडीएस कापतात, आणि हरलेल्या बेट्सची वजावट प्राप्तिकरात मिळत नाही. दिवसाची रक्कम घरून ठरवून न्यावी आणि ती रोख संपली की उरलेल्या शर्यती बघाव्यात.

फोनवर किंवा गल्लीत बेट घेणारे लोक कर वाचवून देण्याचे आमिष दाखवतात. तो व्यवहार बेकायदा आहे, त्याची पावती नसते आणि मोठी रक्कम जिंकल्यावर तो माणूस सापडेल याची हमी नसते. मोबाइलवर ‘पक्की खबर’ विकणाऱ्यांचेही तसेच. तबेल्यातली खरी खबर असेल तर तिचा परिणाम आधी रिंगमधल्या भावावर दिसतो, आणि तो भाव तुम्हालाही फुकट पाहता येतो.

१०. शर्यत संपल्यावर

घोडे विनिंग पोस्ट ओलांडतात त्या क्षणी निकाल पक्का होत नाही. फोटो फिनिश असतो, जॉकींचे वजन पुन्हा होते, एखाद्याने ऑब्जेक्शन घेतले तर स्टुअर्ड्स चित्रफीत पाहून क्रम बदलू शकतात. निकाल अंतिम असल्याची घोषणा होईपर्यंत तिकीट फाडू नये. हरलेले म्हणून फेकलेले तिकीट नंतर जमिनीवर शोधणारे लोक दर हंगामात दिसतात.

घरी आल्यावर आदल्या रात्रीचे टक्के आणि प्रत्यक्ष निकाल शेजारी-शेजारी लिहावेत. तुमचा घोडा हरला असेल तर तो कुठे हरला ते एका ओळीत नोंदवावे : गेटमध्ये, वळणावर, की शेवटच्या दोनशे मीटरांत. क्लबने शेवटच्या ६०० आणि ४०० मीटरांची वेळ दिलेली असेल तर तीही उतरवून घ्यावी. तीन-चार आठवड्यांनी तेच घोडे पुन्हा कार्डावर येतात, आणि तेव्हा ही ओळ छापील आकड्यांपेक्षा जास्त उपयोगी पडते.